रझाकारीत ‘शहाणी’ झालेली मुलगी

‘यादवी’ हा शब्द आपण देशांतर्गत युद्धासाठी सहज वापरतो. तो ज्या कथेतून आला ती कथा मात्र अर्धीच लक्षात ठेवतो. महाभारताच्या मौसलपर्वात यादव आपसात लढून संपतात, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर उरलेल्या स्त्रिया, मुले आणि म्हातारे यांना घेऊन अर्जुन द्वारकेतून निघतो. वाटेत आभीर हल्ला करतात आणि अर्जुनाच्या डोळ्यांदेखत बायकांना पळवून नेतात. गांडीव त्याच्या हाताला नीट साथ देत नाही. पुढच्या अध्यायात अर्जुन व्यासांच्या आश्रमात जातो, आणि तिथे बोलणे होते ते त्याच्या ओसरलेल्या बळाचे. पळवून नेलेल्या बायकांचे पुढे काय झाले, हे मौसलपर्व सांगत नाही.

निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वावर मराठीत जे लेखन झाले, त्याचीही गत काहीशी अशीच आहे. इतिहास, आत्मचरित्रे, व्यक्तिचित्रे, गौरवग्रंथ, स्मरणिका असा तो मोठा ऐवज आहे. त्यात पुरुषाचे बळ, त्याचा त्याग आणि त्याची हतबलता यांची चर्चा भरपूर आहे. १९४६ ते १९४८ या दोन-अडीच वर्षांत नांदेड आणि लातूरच्या परिसरात ज्या मुली वयात आल्या, त्यांना त्या काळातून काय उमगले, हा प्रश्न मात्र या लेखनाच्या मुख्य प्रवाहात विचारला जात नाही. तो का विचारला गेला नाही आणि विचारला तर आपल्या वाङ्मयाकडून कोणती अपेक्षा करावी लागेल, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संग्राम आणि यादवी

त्या काळाला ‘यादवी’ म्हणावे का, यावर मतभेद होऊ शकतो. ‘मुक्तिसंग्राम’ हे नाव योग्यच आहे. निजामाची एकतंत्री सत्ता जावी, जबाबदार राज्यपद्धती यावी, संस्थान भारतात विलीन व्हावे, अशी स्पष्ट राजकीय उद्दिष्टे त्या लढ्यापुढे होती. पण गल्लीच्या आणि शिवाराच्या पातळीवर त्याला यादवीचेही रूप होते, कारण समोरचा माणूस परका नव्हता. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. गोविंदराव पानसरे २९ ऑक्टोबर १९४६ रोजी मारले गेले ते बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला, आपल्याच कार्यक्षेत्रात. विलीनीकरणाची बाजू घेणारा तरुण संपादक शोएबुल्ला खान २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत मारला गेला. म्हणजे रेषा सरळ धर्मावरून जात नव्हती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, आणि मग सूडाचे दुसरे पर्व सुरू झाले.

‘संग्राम’ हा शब्द न्याय कोणाच्या बाजूला होता ते सांगतो. ‘यादवी’ हा शब्द घराघरांत काय झाले ते सांगतो. आपल्याला दोन्ही शब्दांची गरज आहे. मुलीचे वय वाढले ते दुसऱ्या शब्दाच्या आत, आणि आपला इतिहास लिहिला गेला तो बहुतांशी पहिल्याच्या आत.

मुलगा घडतो त्याची गोष्ट

मुक्तिसंग्रामाच्या लेखनाला एक ठरीव घाट आहे. खेड्यातला एक मुलगा उर्दू माध्यमाच्या शाळेत जातो. किंवा १९२१ साली निघालेल्या हिप्परग्याच्या, नाहीतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतनसारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळेत त्याला एखादा शिक्षक भेटतो. ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमामुळे साधी सभा घ्यायलाही परवानगी लागते, हे त्याला कळते. १९३८ साली उस्मानियात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थी काढले जातात आणि नागपूर विद्यापीठ त्यांना सामावून घेते, ही बातमी त्याच्यापर्यंत येते. ७ ऑगस्ट १९४७ला विलीनीकरणाची चळवळ सुरू होताच तो कॉलेज सोडतो. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके जाळणे, सरहद्द ओलांडून उमरखेड किंवा बार्शीचा कॅम्प गाठणे, तुरुंग, आणि शेवटी मुक्त गावात परतणे असा हा प्रवास असतो.

स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी (१९६७), अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७), नरेंद्र चपळगावकरांची ‘संस्थानी माणसं’ या पुस्तकांची जात, वृत्ती आणि शैली एकमेकांपासून फार वेगळी आहे. भालेरावांच्या ग्रंथावाचून या विषयावर आजही एक पाऊल पुढे टाकता येत नाही. पण तरुण माणूस शहाणा कसा होतो हे सांगण्याची रीत या लेखनपरंपरेला चांगली अवगत आहे. शिक्षक, पुस्तक, सभा, तुरुंग या तिच्या पायऱ्या आहेत. अडचण अशी, की त्या काळातल्या बहुसंख्य मुलींच्या वाट्याला या चारांपैकी एकही पायरी आली नाही. म्हणून त्यांचे शहाणपण मोजायला या परंपरेजवळ मापच उरत नाही. यात एकेका लेखकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. उणीव घाटाची आहे.

मुलगी दिसते तेव्हा

या लेखनात मुली अगदीच नाहीत असे नव्हे. त्या तीन रूपांत येतात.

पहिले रूप अब्रूचे. गावावर रझाकार येणार अशी कुणकुण लागली की मुलींना बळदात, पेवात किंवा कडब्याच्या गंजीआड लपवले. रातोरात बैलगाडीतून सरहद्दीपलीकडच्या नातलगांकडे हलवले. स्थळ हाताला लागेल त्याच्याशी लग्न उरकले. या वाक्यांचे व्याकरण पाहावे. लपवले, हलवले, उरकले. प्रत्येक ठिकाणी मुलगी कर्म आहे, कर्ती एकदाही नाही. बळदाच्या अंधारात बसून ती काय ऐकत होती, हे वाक्याच्या बाहेर राहते.

दुसरे रूप रणरागिणीचे. जालना भागातल्या दगडाबाई शेळके यांचे नाव इथे आदराने घेतले जाते आणि ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ असा त्यांचा गौरव होतो. गौरव खराच आहे. पण या उपमेने बाई एकदम पूर्णत्वाला पोचलेलीच दिसते. घोडा आणि हत्यार यांच्या आधी एक साधी शेतकरी मुलगी होती, ती भ्याली असेल, चुकली असेल, घरच्यांशी भांडली असेल, हे सगळे उपमेखाली झाकले जाते. राणीला लहानपण लागत नाही.

तिसरे रूप शिदोरी देणारीचे. भूमिगतांना भाकरी पोचवणारी, निरोप नेणारी, घरात पत्रके लपवणारी बाई किंवा पोर एखाद्या ओळीत येते आणि जाते. या ओळींत नायकाचे पूर्ण नाव असते. तिचे पुष्कळदा ‘त्या घरची मुलगी’ एवढेच.

‘शहाणी’ या शब्दात काय आहे

मराठवाड्यात मुलीला न्हाण आले की ‘पोरगी शहाणी झाली’ म्हणतात. ‘पदर आला’ असेही म्हणतात. पहिला शब्द विलक्षण आहे. अंगातल्या बदलाला भाषेने ज्ञानाचे नाव दिले आहे. आणि घरची रीत लगेच याच्या उलट वागते. शहाणी झाली म्हणून तिचे नदीवर जाणे बंद, शाळा असलीच तर बंद, अंगणातले मोठ्याने हसणे बंद. कळण्याचा मान द्यायचा आणि कळण्याच्या जागा काढून घ्यायच्या, असा हा व्यवहार आहे.

शांततेच्या काळात ही काढून घेण्याची क्रिया सावकाश चालते. रझाकारीत ती एका रात्रीत झाली. भीती खरी होती, आणि भीतीने जुन्या रीतीला नवे कारण पुरवले. १९२९चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या मुलखात त्याची आडकाठी नव्हती. ‘माझं लग्न रझाकारात झालं’ हे वाक्य या भागातल्या वृद्ध स्त्रिया आपले वय सांगायला वापरतात. ऐकणारा त्यावरून साल काढतो आणि पुढे जातो. त्या वाक्यातले लग्न हीदेखील त्या काळाची एक घटना आहे, आणि एका मुलीच्या आयुष्यापुरती तरी उमरीच्या बँकेवर ३० जानेवारी १९४८ला पडलेल्या छाप्याइतकीच मोठी आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

शिवाय ‘मुलींना लपवले’ हे वाक्य सगळ्या मुलींना लागू नव्हते. बळद असायला आधी त्यात भरायला धान्य लागते. गढीतल्या किंवा वाड्यातल्या मुलीला आत घेणे शक्य होते. महार-मांगांच्या, वडारांच्या, अल्पभूधारकांच्या मुलीला खुरपणीला आणि ज्वारीच्या काढणीला जावेच लागे. तिच्यासाठी धोका रझाकारांपासून सुरू झाला नव्हता आणि त्यांच्याबरोबर संपणारही नव्हता. शिवारातला मालक, चावडीवरचा माणूस आणि बंदूकवाला यांच्यात ती कसा फरक करत होती? हा प्रश्न विचारला की ‘अब्रू’ हा शब्द कोणत्या घरांतून बोलला जात होता, तेही दिसू लागते.

बंद घरातल्या मुलीला काय कळले असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. बापाच्या आवाजातली भीती तिने पहिल्यांदा ऐकली असेल. दागिने कुठे पुरले ते आईने तिला सांगितले असेल, म्हणजे आई आपल्या मरणाची तयारी करते आहे हे तिला समजले असेल. कालपर्यंत एका विहिरीवर पाणी भरणारी मैत्रीण आज ओट्यावर का येत नाही, याचे उत्तर कोणी न देता तिला मिळाले असेल. वयात येणे म्हणजे मोठ्यांचे जग मोठ्यांना वाटते तितके मजबूत नाही हे कळणे. ते त्या पिढीच्या मुलींना फार लवकर कळले. पुरुषाच्या आत्मचरित्रात याला ‘जागृती’ म्हटले गेले असते.

तेलंगणाने काय केले

याच संस्थानाच्या दुसऱ्या भागात हे काम वेगळ्या रीतीने झाले. हैदराबादच्या ‘स्त्री शक्ती संघटना’ या गटाने तेलंगणातल्या सशस्त्र लढ्यात वावरलेल्या स्त्रियांशी बोलून त्यांच्या जीवनकथा संकलित केल्या. आधी तेलुगूत आणि मग १९८९ साली इंग्रजीत ‘वुई वेअर मेकिंग हिस्टरी’ या नावाने हे पुस्तक आले. त्यातले मल्लू स्वराज्यम् हे नाव पुढे राजकारणात गाजले. १९३१ साली जमीनदार घरात जन्मलेली ही मुलगी वेठबिगारांच्या बाजूने उभी राहिली आणि विशीच्या आत बंदूक घेऊन जंगलात गेली. पण पुस्तकाचे मोल एकट्या तिच्यामुळे नाही. दलात राहायचे तर तान्हे मूल दुसऱ्याला द्यावे लागले, असे सांगणारी कमलम्मा त्यात आहे. लढा मागे घेतल्यावर घरी जा, संसार करा, असे सांगितले गेल्याची सल अनेकींच्या बोलण्यात आहे.

वाङ्मयीन दृष्टीने इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या स्त्रिया आपले आयुष्य सभा आणि तारखांच्या क्रमाने सांगत नाहीत. बाळंतपण, भूक, पायांतली सूज, एखाद्या सहकाऱ्याचे बोलणे यांच्या आधाराने काळ पुढे सरकतो. संपादक गटाने हा क्रम मोडून सरळ केला नाही, आणि त्यामुळे एक नवा घाट हाती आला. घाट बदलला तेव्हा माणसे दिसू लागली. मराठवाड्यात आपण हुतात्म्यांच्या याद्या केल्या, स्तंभ उभारले, २०२२-२३ मध्ये अमृतमहोत्सवही साजरा केला. हे सारे आवश्यकच होते. पण यादीत नाव बसते, आवाज बसत नाही.

सुताराची परत येण्याची गोष्ट

दुसरे उदाहरण बंगालचे. ज्योतिर्मयी देवींची ‘एपार गंगा ओपार गंगा’ ही कादंबरी १९६६ साली ‘प्रवासी’च्या शारदीय अंकात, म्हणजे आपल्या दिवाळी अंकासारख्याच वार्षिकात, प्रथम आली. तेव्हा तिचे नाव होते ‘इतिहासे स्त्रीपर्व’. नोआखालीच्या १९४६च्या दंगलीत सुतारा या मुलीचे घर उद्ध्वस्त होते. शेजारचे मुसलमान कुटुंब तिला वाचवते आणि सांभाळते. ती कलकत्त्याला नातलगांकडे पोचते, आणि खरी परवड तिथे सुरू होते. तिचा पाण्याला, स्वयंपाकघराला हात लागू नये याची काळजी घरातल्या बायका घेतात. सुतारा पुढे दिल्लीच्या एका महिला महाविद्यालयात इतिहास शिकवते. तिने शिकवायच्या इतिहासात तिच्या वाट्याचे पान नाही, हा कादंबरीचा गाभा.

ज्योतिर्मयी देवींनी हल्ल्याचे वर्णन जवळजवळ टाळले आहे. त्या रात्री काय झाले हे सुताराला धड आठवत नाही, आणि लेखिका वाचकालाही ते पाहू देत नाही. यामागे भिडस्तपणा नाही, न्यायबुद्धी आहे. तपशील दिला असता तर वाचकाने सुतारा ‘बाटली’ की नाही याचाच निवाडा केला असता, म्हणजे नातलगांच्याच रांगेत तो जाऊन बसला असता. तपशील नाकारून कादंबरी चौकशीचे तोंड फिरवते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ते स्वयंपाकघर उभे राहते.

आपल्या भागात ‘सरहद्दीपलीकडे हलवलेल्या’ मुली परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे कसे पाहिले गेले? ज्या परतल्या नाहीत त्यांची नावे घरात घेतली जात होती का? रझाकारांचा अत्याचार सांगताना आपण थांबतो ते अत्याचाराच्या रात्रीपाशी. दुसऱ्या दिवशीची सकाळ हा आपल्याच घराचा विषय असतो, म्हणून तो टळतो.

सतरा सप्टेंबरनंतरची मुलगी

आणखी एक मुलगी या लेखनातून पूर्णच गळाली आहे. ती लातूरच्या किंवा नांदेडच्या मुस्लिम मोहल्ल्यातली. तिच्या हिंदू मैत्रिणीची कोंडी ज्या आठवड्यात सुटली, त्याच आठवड्यात तिची सुरू झाली.

पोलीस ॲक्शननंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या सदिच्छा मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. तो अनेक दशके लोकांसमोर आला नाही. २०१३च्या सुमारास सर्वांना पाहता येऊ लागला. एकूण २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यात अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे. आजचा लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बीदरमध्ये होते. म्हणजे आपला सगळा परिसर या चारांत येतो. लातूर शहरात हत्या वीस दिवसांहून अधिक चालल्या आणि सुमारे दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीतले जेमतेम तीन हजार लोक तिथे उरलेले दिसले, असे मंडळ नोंदवते. बायकांना पळवून सोलापूर-नागपूरपर्यंत नेल्याचा उल्लेखही त्यात आहे. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद हाच अहवाल करतो, आणि रझाकारांनी आधी केलेल्या लुटी-हत्यांबद्दलही तो गप्प नाही. अंदाजांवर वाद झाले आहेत, पुढेही होतील. पण वादासाठीसुद्धा आधी ही पाने आपल्या चर्चेत यायला हवीत.

हे लिहिले म्हणजे रझाकारांचा अन्याय पातळ होतो, असे काहींना वाटते. तसे होत नाही. मुक्तिसंग्राम न्याय्य होता म्हणूनच त्याच्या नावावर झालेल्या सूडाची नोंद त्याच्याच वारसांनी करायला हवी. लातूरच्या त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ना रझाकारांना पैसा दिला होता, ना विलीनीकरणाला विरोध केला होता. उर्दू कथालेखिका जीलानी बानो यांनी ‘ऐवान-ए-ग़ज़ल’ (१९७६) या कादंबरीत कोसळत्या हैदराबादी सरंजामी घराची कथा त्या घरातल्या मुलींच्या वाटेने सांगितली. हवेलीचे वैभव आणि तिची क्रूरता एकाच वेळी पाहायची तर ती जागा सोयीची होती. पण ती हवेली राजधानीची. लातूरच्या बाजारपेठेतल्या, घरात दखनी आणि दारात मराठी बोलणाऱ्या मुलीची गोष्ट मराठीनेच सांगायची आहे.

भाषा तयार आहे

असे काही लिहायला आपल्याकडे भाषा नाही, असे म्हणता येणार नाही. लातूरजवळच्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली ‘पाचोळा’ लिहिली. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत येते. त्या बाईला शाळा नाही, सभा नाही, तुरुंग नाही. तरी गावातले सत्तेचे राजकारण तिला जितके स्पष्ट दिसते तितके कर्त्या पुरुषाला दिसत नाही. या भागातल्या बाईची बोली सबंध कादंबरीचा भार पेलू शकते, हे त्या वर्षीच सिद्ध झाले. पुढे नांदेडच्या कविता महाजनांनी पहिल्या कादंबरीला नाव दिले ‘ब्र’ (२००५). ‘ब्र’ काढायचा नाही ही बायकांना घातलेली अट त्यांनी शीर्षकातच मोडली. म्हणजे निवेदनाची रीत आहे, धिटाई आहे. या दोन्ही गोष्टी रझाकारीच्या काळापर्यंत मागे नेण्याचे काम बाकी आहे.

समीक्षेकडेही एक काम आहे. या विषयावरचे कोणतेही पुस्तक हाती आले की आपण दोन प्रश्न विचारतो: माहिती खरी आहे का, आणि त्याग नीट मांडला आहे का. त्यात तिसरा प्रश्न घालायला हवा: यातल्या मुलीला काय कळले, हे लेखकाला कळले आहे का? तिने काय सोसले एवढेच सांगणारे पुस्तक तिला पुन्हा बळदातच बसवते. तिने काय पाहिले, त्याचा काय अर्थ लावला, पुढच्या आयुष्यात तो अर्थ कुठे वापरला आणि कुठे गिळला, हे सांगणारे पुस्तक ‘शहाणी’ या शब्दाला न्याय देईल.

१९४८ साली बारा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. तिच्याकडे जाणाऱ्याने रझाकारांनी काय केले एवढेच विचारले, तर ती वर्षानुवर्षे सांगितलेली, घरच्यांना चालणारी गोष्ट सांगेल. त्या वेळी तिची मैत्रीण कोण होती आणि ती पुढे कुठे गेली, असे विचारले तर गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून सुरू होईल. एवढा एक प्रश्न बदलायला संशोधन संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे.